वीतभर फट

माझ्या बायकोची, सगुणेची, डावी बाजू लकव्याने गेली त्याला वर्ष होत आलं. आमच्या घराचा चौथरा उंच, पाच पायऱ्यांचा. तिची चाकाची खुर्ची खाली उतरवायची तर दोन माणसं लागतात. म्हणून मी ठरवलं, परसातल्या गोठ्याची तिच्यासाठी खोली करायची. गुरं विकून सहा वर्षं झाली होती. जागा जमिनीसपाट, आणि दार उघडलं की समोर तिनेच लावलेली अबोली नि अनंत. तिला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात?

प्रश्न छपराचा होता. चिऱ्याच्या भिंती भक्कम, पण एप्रिलच्या उन्हात कौलांखाली बसवत नव्हतं. सदू सुतार म्हणाला, "दादा, कौलांवर माडाच्या चुडतांची झापं टाकू, खाली बांबूचा तट्टा मारू. पण भिंतीवरची फट बुजवू नको. गरम वारा जायला वाट पायजे."

आमच्याकडच्या जुन्या बांधकामात आतली काय नि बाहेरची काय, भिंत वाशापर्यंत नेत नाहीत. वर वीतभर फट सोडतात. तिच्यातून वारा जातो, धूर जातो आणि चुलीपाशी बोललेलं ओटीवर ऐकू येतं. पण माझी तीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेलेली. सदूला म्हटलं, "शहाण्या, वाफेच्या नळांना ग्लासवूल गुंडाळण्यात माझी हयात गेली. उष्णता कशी अडवायची ते मला नको सांगू."

मिरजोळ्याला जाऊन फोम भरलेले पत्रे पाहिले, ते पसंत पडले नाहीत. शेवटी कौलं ठेवली, खाली चार इंच ग्लासवूल, त्याखाली पीव्हीसीचं सीलिंग. फट सिमेंटने बुजवून घेतली. सदू तोंड वाकडं करून राबला. काम झालं तेव्हा बाहेर सदतीस नि आत एकतीस. मी दोन दिवस येईल त्याला तापमापक दाखवत होतो.

"कसं वाटतं?" मी सगुणेला विचारलं.

"गार हाय," ती म्हणाली.

मंगळवारी जेवणं झाल्यावर तिला खुर्चीत बसवलं, ऊन आत येऊ नये म्हणून दार-खिडक्या लावल्या आणि ओटीवर सुपाऱ्या सोलत बसलो. गोठा तिथून वीस पावलांवर. चार वाजता चहा घेऊन गेलो तर सगुणा जमिनीवर. तांब्या घ्यायला वाकली नि घसरली होती. तासाभरापासून तशीच पडून होती.

"हाक मारायची नाही का?" मी तिच्यावरच ओरडलो. माझा स्वभाव मेला असाच.

"मारली," ती म्हणाली. तिचा घसा बसला होता.

डॉक्टर म्हणाले, हाड मोडलेलं नाही. मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळीच सदूला बोलावलं आणि फट फोडायला सांगितली. तो टोमणा मारील असं वाटलं होतं, पण गुपचूप छिन्नी घेऊन शिडीवर चढला.

मी सगुणेच्या खाटेपाशी जाऊन सांगू लागलो, "थोडं गरम होईल, पण आता तुझी हाक ओटीवर येईल."

 ती म्हणाली, "अवो, तीस वर्षं तुमी दर्यावर होता. पोरगा तापाने फणफणला तेव्हा हाक मारली. सासूबाई गेल्या तेव्हा मारली. तेव्हा फट उघडीच होती."

आवाजात राग नव्हता. असता तर मी काहीतरी उलट बोललो असतो. सदूचा हातोडा थांबला होता. मला माझी लाज वाटली. त्या खोलीसाठी मी महिनाभर झटलो होतो, पण त्या महिन्यात तिच्याजवळ पाव तास निवांत बसलो नव्हतो.

"सदू, खाली ये," मी म्हटलं. "ते मागनं बघू. आधी ओटीवरची माझी खाट इकडे आण."

आम्ही दोघांनी खाट आणली. दारात आडवी धरून सदूने विचारलं, "दादा, खय लावू?"

मी काही बोलायच्या आत सगुणाच म्हणाली, "उजव्या अंगाला लाव. डाव्या अंगाला कोण बसलं तरी मला कळत नाय."