बाबांची पेरूची तयारी

रघुवीर साठे पेरूला जायची तयारी इतक्या मनापासून करत होते की कार्डिफच्या त्या घरात दुसरा विषयच उरला नव्हता. नवे बूट डोंगरावर चावू नयेत म्हणून घरातच घालून फिरा, असं दुकानातल्या पोरीने सांगितलं होतं. म्हणून बूट घालून ते जिना चढत, उतरत, पुन्हा चढत. सकाळी रोथ पार्कच्या तळ्याला फेऱ्या. तिथे कुस्कोला उंचावर हवा विरळ असते, पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं, पाणी पीत राहायचं, जेवण हलकं घ्यायचं, हे सगळं ते पत्र टाकायला आलेल्या पोस्टमनलासुद्धा थांबवून सांगत. मळमळलं तर तोंडात असावा म्हणून त्यांनी आलेपाकसुद्धा करून ठेवला होता.

त्यांच्या सुनेला, उल्काला, ते बूट जिन्यावर वाजले की डोक्यात जात. ट्रिप होती तिच्या लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाची. वीस वर्षांत नवरा-बायको दोघंच असे कुठे गेलेच नव्हते. आधी तिच्या हॉस्पिटलच्या ड्यूट्या, मग लेक तनिषा, मग सासूबाई गेल्यावर बाबा कायमचे इथेच. आता तनिषा युनिव्हर्सिटीत गेली, म्हणून कुठे हे जमत होतं. तर नवऱ्याने, श्रीनिवासने, तिला न विचारता बाबांचंही तिकीट काढलं.

"ते एकटे काय करणार गं इथे? And he's fitter than me!" तो म्हणाला होता. त्यावर काय बोलणार? बोलली असती तर वाईट तीच ठरली असती. म्हणून ती गप्प बसली, आणि गप्प बसलेलं माणूस काय करेल याचा नेम नसतो.

उल्का जीपी होती, म्हणजे इथली फॅमिली डॉक्टर. त्या घरात एक रीत पडून गेली होती, डॉक्टरांच्या बहुतेक मराठी घरांत असते तीच: घरात डॉक्टर असताना बाहेर कशाला जायचं? बाबांचं नाव जवळच्या एका सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात, नोंदवलेलं होतं, पण ते तिथे फिरकत नसत. खोकला असो, गुडघा असो, उल्का म्हणेल ती पूर्व दिशा.

एका रविवारी जेवणानंतर ते शर्टाची बटणं काढत तिच्यासमोर बसले. "सूनबाई, एकदा बघ बाई. झेपेल ना मला?"

तिने स्टेथोस्कोप लावला. ठोके छान, एका लयीत पडत होते. वयाच्या मानाने हेवा वाटावा असे. तिने उगाच जरा जास्त वेळ ऐकलं.

"मधूनच एखादा ठोका चुकतोय, बाबा. इथे काही प्रॉब्लेम नाही. But at that altitude, I wouldn't risk it."

आवाज रोजचा, पेशंटशी बोलायचा. किती सहज निघाला तो! बाबा वाद घालतील, पुन्हा बघ म्हणतील, म्हणून तिने उत्तरं तयार ठेवली होती. त्यांनी बटणं लावली आणि म्हणाले, "बरं झालं विचारलं."

दुसऱ्या दिवसापासून बूट खोक्यात गेले. तळ्याच्या फेऱ्या बंद झाल्या. बाबा कठडा धरून जिना चढू लागले, मध्येच थांबून दम खाऊ लागले. वर तिची बॅग भरायलाही तेच येत, मोज्यांच्या गुंडाळ्या करून कोपऱ्यात बसवत. उल्काला स्वतःची विलक्षण लाज वाटू लागली. सर्जरीत कुणा म्हाताऱ्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावला की तिचे कान तापत. ट्रिप डोळ्यांसमोर आली तरी नको वाटे.

श्रीनिवास तिकीट रद्द करायला निघाला, तेव्हा तिने त्याला थांबवलं आणि बाबांच्या खोलीत गेली.

"बाबा, तुमचं हार्ट ठणठणीत आहे. मी खोटं बोलले."

त्यांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. "का बरं?"

"तुम्ही बरोबर यायला नको होतं मला. आम्हाला दोघांनाच जायचं होतं."

म्हणून टाकलं एकदाचं. ती रागाची वाट पाहत उभी राहिली. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर तिला बरं वाटलं असतं. बाबा हसले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"वेडी कुठली! मला नेता यावं म्हणून स्वतःवर आळ घेतेस? सख्खी लेकसुद्धा करणार नाही असं."

"नाही हो बाबा, I'm serious! तुमच्या सर्जरीत जाऊ या, ते ईसीजी काढतील. उद्याच जाऊ."

"परक्याने काय सांगायचंय? घरात तू असताना?" त्यांनी तिचा हात धरून छातीवर ठेवला. "आणि खरं सांगू? तू म्हणालीस तेव्हापासून मलाही जाणवतंय. चढताना इथे धडधडतं. एरवी कळलंच नसतं गं, तसाच गेलो असतो तिकडे मरायला."

उल्काच्या तळहाताखाली ठोके पडत होते, पण रविवारपेक्षा पुष्कळ जोरात, घाबरल्यासारखे.

"तू होतीस म्हणून वाचलो," बाबा म्हणाले.