पाखराची गंजी

साल एकोणीसशे चौतीस. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपुरातून चाले आणि कलेक्टरचा मुक्काम बुलढाण्याला असे. त्या साली पौषात, जानेफळपासून दोन कोसांवरच्या बोरमाळ गावात शेषराव तापानं गेले. मागे राहिली त्यांची बायको सत्यभामाबाई, एक बैलजोडी, सोळा एकर शेत आणि एक पाखरू.

पाखरू घरातलं नव्हे. गावाच्या उगवतीला मोठा माळ होता, ई-क्लासचा, म्हणजे मालकी सरकारची आणि चराई साऱ्या गावाची. त्या माळावर दर आषाढात एक माळढोकीण यायची. कमरेइतकं उंच पाखरू, पण अक्कल अशी की उघड्या भुईवर एकच अंडं घालायचं. गुरांचा एक खूर पडला की वर्ष वाया.

लग्नाच्या पहिल्या साली शेषरावांनी ते अंडं उचलून घरी आणलं होतं आणि कोंबडीखाली ठेवलं होतं. ते नासलं. माळढोकीण चार दिवस त्या जागेभोवती हिंडत राहिली. पुढे त्यांना मूलबाळ झालं नाही, तेव्हा गावानं एकाला एक जोडून टाकलं. शेषराव त्यावर कधी बोलले नाहीत. मात्र त्यानंतर वीस वर्षं, अंडं फुटेपर्यंत डोक्यावर घोंगडं घेऊन माळावर बसायचे आणि गुरं वळवायचे.

आता माळावर कोण बसणार? आणि शेषरावांचं नाव तरी कोण घेणार? सत्यभामाबाईला या दोन्ही गोष्टींनी झोप येईना. शेवटी तिनं दोन्हींची मिळून एक तोड काढली आणि पंजाबराव पाटलांच्या ओसरीवर जाऊन उभी राहिली.

"भाऊजी, आषाढ ते भादवा माळ बंद ठेवा."

"वैनी, माळ काय माह्या बापाचा हाय? गावाची गुरं काय हवा खाईन?"

"चारा मी जमवतो. त्याईच्या नावानं. घरोघर मांगतो."

पाटलांनी पानाची पिंक टाकली. शेषराव त्यांचे बालमित्र होते, नाही म्हणणं जड होतं. "बरं. कडूबाले सांगतो मी गुरं तिकडं नेऊ नको म्हनून. पन सांगून ठेवतो, एकाचंबी ढोर उपाशी राह्यलं, त माळ खुला. मंग मले दोष देऊ नका."

सत्यभामाबाई कडबा मागायला निघाली. नवरा गेलेली बाई वर्षभर कोणाच्या दारात जात नाही. ती गेली. कोणी म्हणालं, येडी झाली. कोणी म्हणालं, नवऱ्याची तेरवी केली, आता पाखराची करते काय? पण मागणं मेलेल्या माणसाच्या नावानं होतं, आणि अशा मागण्याला वऱ्हाडात कोणी हात आखडत नाही. ज्याच्याकडे दोन पेंढ्या होत्या त्यानं एक दिली. पाटलांनी गाडीभर दिल्या. होळीपर्यंत तिच्या खळ्यात अशी गंजी उभी राहिली की देऊळघाटाहून आलेला बैलांचा व्यापारी विचारायचा, "हे कोन्या मालदाराचं घर हो?"

शाळेचे गोपाळ मास्तर बुलढाण्याचे. त्यांना असल्या गोष्टींचा फार उत्साह. त्यांनी सागाच्या फळीवर पांढऱ्या रंगानं अक्षरं काढली: 'कै. शेषराव यांच्या स्मरणार्थ माळढोक रक्षण कडबा फंड.' पाटी गंजीपुढच्या खांबाला ठोकली. सत्यभामाबाईला वाचता येत नव्हतं. पण त्यातलं 'शेषराव' कुठून कुठपर्यंत आहे ते तिनं मास्तरांकडून बोट ठेवून समजून घेतलं, आणि रोज सकाळी तेवढाच भाग पदरानं पुसायची.

आषाढ लागला. माळ बंद झाला. माळढोकीण आली, बाभळीच्या उजवीकडे बसली. सत्यभामाबाईनं दुरूनच पाहिलं आणि घरी येऊन गंजीपाशी कोयता घेऊन बसली, पेंढ्या वाटायला.

एक दिवस गेला. दोन गेले. कोणीच आलं नाही.

चौथ्या दिवशी गुराखी कडूबा आला. डोक्याचं फडकं काढून खाली बसला. "काकू, ढोरं हंबरून राह्यली. वावराच्या धुऱ्या-बांधावर अजून गवत बोटभरबी नाई."

"मंग चारा नेत काऊन नाई बे कोनी?"

कडूबा पाटीकडे पाहत राहिला. "मयताच्या नावाचं दान हाय नं ते. ते घरात घेतलं त दावं रिकामं होते म्हंतेत. द्याले सारे तयार हायेत. घ्याले कोन तयार व्हईन?"

सत्यभामाबाईनं कपाळावर हात मारला. एवढी गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती, आणि येणारही कशी? तिचे बैल तो कडबा खात होते, पण ते शेषरावांचेच बैल. इतरांसाठी तो चारा म्हणजे पिंडापुढचा भात.

ती पाटलांकडे गेली. "भाऊजी, तुमच्याच गाडीतल्या पेंढ्या घ्या तुमी."

"देल्लं दान परत घेऊ? थुकून चाटू?" पाटील म्हणाले. "परवा एकादशी हाय. एकादशीपर्यंत वाट पाह्यतो. मंग कडूबाले माळ मोकळा."

त्याच दुपारी गोजरबाई परसदारानं आली. गोजरबाईचा नवरा कामाचा नव्हता. एक म्हैस होती, तिच्यावर घर चाले. म्हैस आठ दिवसांची व्यालेली. गोजरबाईची जीभ तिखट. सत्यभामाबाईशी तिचं लहानपणापासूनचं भांडण आणि लहानपणापासूनचं उसनंपासनं.

"म्हशीनं दूध चोरलं," ती उंबऱ्यावर बसत म्हणाली. "दहा पेंढ्या दे."

"ने की. गंजी हाय."

"त्या गंजीतलं मले नको. माही म्हैस मारतं काय? तुह्या घरातलं उसनं दे. सुगीले तुले दहाच्या दहा आनून टाकतो."

"घरातलं सारं मी गंजीत टाकलं, गोजरे. एक पेंढी नाई."

"मंग उसनं म्हनून त्यातलंच दे. उसन्याले काय होते? काल तुह्या घरचं मीठ नेलं, मेलो का मी?" मग तिनं हनुवटीनं खांबाकडे खूण केली. "पन ते पाटी काढ आधी. पाटी हाय तोवर ते त्याचं हाय. काढली त तुहं."

"अवं, त्याईचं नाव हाय ते. दुसरं काय हाय मांगं त्याईचं?"

"ते मले नको विचारू. माही म्हैस उपाशी हाय." गोजरबाई उठली आणि गेली.

सत्यभामाबाईनं पाटीवरून एकदा पदर फिरवला. मग माळाकडे गेली. माळढोकीण बसलेलीच होती, मान तेवढी वर. वीस वर्षं शेषरावांनी पाहिलेलं ते तिनं घटकाभर पाहिलं आणि परत आली. येताना सुताराकडून पकड मागून आणली.

एकादशीच्या सकाळी तिनं पाटीचे चारी खिळे उपसले. शेजारपाजार गोळा झाला. पाटीलही आले.

"आजपासून हे कोन्या मयताचं नाई," ती म्हणाली. "माह्या घरचा कडबा हाय. ज्याले लागते त्यानं उसना न्या, ज्वारी काढली की तेवढ्याच पेंढ्या आनून टाका. दान नाई, धरम नाई."

गोपाळ मास्तर कळवळले. "अहो सत्यभामाबाई, मग स्मारक कसलं राहिलं?"

"राहू द्या, मास्तर."

पाटील मिशीत हसले. "म्हंजे मी गावचा पाटील, तुमच्या दारात उसनं मांगाले येऊ काय, वैनी?"

"तुमी कायले? पाटलीनबाईले धाडा. उसनं बायकाबायकाचंच असते."

लोक हसले, पण सुटका झाली ती त्या वाक्यानं. दुपारी परसदारानं पहिली गोजरबाई आली, दहा पेंढ्या मोजून घेऊन गेली. तिची म्हैस मेली नाही, दूध द्यायला लागली. तिसऱ्या दिवशी पाटलीणबाई पुष्पाबाई आल्या, सोबत दोन गडी. मग रीघ लागली. माळ बंदच राहिला.

भादव्यात कडूबा पळत आला. "काकू, पिल्लू! माईच्या मांगं मांगं चालून राह्यलं!" सत्यभामाबाई तेव्हा सारवत होती. शेणाचे हात तसेच घेऊन माळावर गेली.

सुगीला बायकांनी पेंढ्या परत आणून टाकल्या. उसनं फेडताना मूठभर जास्त घालायची रीतच आहे, त्यामुळे गंजी आदल्या वर्षाहून उंच झाली.

पुढं सोळा वर्षं ती दर साली उभी राहिली. लोक तिला पाखराची गंजी म्हणत. शेषरावांचं नाव त्यात आलं नाही, आणि नव्या सुनांना ते ठाऊकही नव्हतं.

गोपाळ मास्तरांची बदली झाली, मग ते बुलढाण्यातच वारले. पंजाबरावांनी पुढं शिकाऱ्यांनाही माळावर बंदी केली आणि ते श्रेय आपल्याकडे घेतलं. कडूबा म्हातारपणी शेगावला लेकीकडे राहिला, तिथं येणाऱ्या-जाणाऱ्यांना पिल्लाची गोष्ट सांगायचा. गोजरबाईच्या त्या म्हशीची वंशावळ चांगली तीन घरांत वाढली. गोजरबाई शेवटपर्यंत सांगे की माळढोक तिनंच वाचवला, आणि ते काही खोटं नव्हे.

सत्यभामाबाई पन्नास साली गेली. पुढल्या वर्षी माळ नांगराखाली आला, आणि त्यानंतर माळढोक बोरमाळात कोणी पाहिला नाही.

पाटी तिनं रांजणावर झाकण म्हणून ठेवली होती, अक्षरं खालच्या अंगाला. पाणी घेताना फळी उचलली की रोज एकदा नाव दिसायचं. पाण्याच्या ओलीनं बाकीची अक्षरं गेली. 'शेषराव' तेवढं शेवटपर्यंत राहिलं, कारण फिकं झालं की ती चुन्यानं त्याच्यावरून बोट फिरवायची.