घरातलं भोक

आपल्या घराला भोक आहे, असं वायनो रौटिओ जानेवारीपासून गावभर सांगत सुटला होता. पोस्टात, कॉफीच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, जिथे माणूस भेटेल तिथे. राज्याचं बक्षीस मिळालेलं घर, दाराशी पितळी पाटी ठोकलेली, आणि आत मालक दोन-दोन स्वेटर चढवून बसलेला! लोक हसायचे. हसतील नाही तर काय करतील बिचारे? म्हाताऱ्याच्या फटकळ तोंडाची त्यांना सवय होती.

पण थंडी काही खोटी नव्हती. हातभर जाड भिंती, तीन-तीन काचांच्या खिडक्या, आणि तापवायला भट्टी म्हणून नाहीच. घर बांधताना कंत्राटदार डॅरेल एंगेब्रेटसनने सुचवलं होतं, "वायनो, भिंतीवर एक छोटासा हीटर लावून ठेवू या. असावा आपला." तर वायनो त्याच्यावरच उखडला होता. "उभा जन्म बोटीच्या इंजिनाशेजारी काढलाय मी. तू मला ऊब शिकवतोस?" मागून वायनोची बायको आर्लीन म्हणाली होती, "राहू दे रे डॅरेल. पोरं आली की घामच फुटणार आहे सगळ्यांना."

पोरं म्हणजे मुलगी सोन्या, जावई आणि त्यांची दोन मुलं. सगळ्यांनी एका छपराखाली राहायचं, हा आर्लीनचा हट्ट. त्यासाठीच सुपीरियर तळ्याच्या काठावर एवढं मोठं घर. डॅरेलने एका अखंड फळीचं लांबलचक टेबल स्वतः रंधा मारून करून दिलं होतं. बक्षिसाचे परीक्षक आले तेव्हा त्या टेबलावरून हात फिरवायचं थांबेनात. पहिला हिवाळा सगळे होते, आणि बाहेर तळं गोठलेलं असताना वायनो घरात बनियनवर हिंडत होता. मग सप्टेंबरात आर्लीन झोपेतच गेली. नाताळाच्या आधी जावयाला ॲरिझोनात नोकरी लागली. मुलांचे बूट दारातून गेले आणि घर एकदम मोठं झालं.

सोन्या रोज फोन करायची. "बाबा, बिघडलेलं घर कशाला उराशी धरून बसलायस? विकून टाक आणि ये इकडे."

"बिघडलंय ते दुरुस्त होईल. डॅरेल येतोय."

त्याची सगळी भिस्त त्या भोकावर होती. भोक सापडलं की बुजवता येईल, बुजवलं की घर तापेल, आणि तापलं की आर्लीनचं घर सोडून वाळवंटात जायची गरज उरणार नाही. इतकी साधी गोष्ट.

डॅरेल आला तो सकाळीच. त्याने दाराच्या चौकटीत लाल कापड ताणलं, त्यात मोठा पंखा बसवला आणि घरातली हवा बाहेर ओढायला लावली. कुठे फट असलीच तर तिथून बाहेरची हवा आत शिरणार. मग धुराची नळी हातात घेऊन तो खिडकीन् खिडकी, कोपरान् कोपरा हिंडला. मागे मागे वायनो.

"तिथे बघ, जिन्याखाली."

"बघितलं."

"मग न्हाणीघरात असणार. तुझ्या त्या प्लंबरचं मला पहिल्यापासून काही खरं वाटत नव्हतं."

धूर जिथल्या तिथे सरळ उभा राहायचा. कुठेही हलेना.

दुपारी दोघे टेबलाशी बसले. वायनोने कॉफी ओतली आणि वेलदोड्याचा पाव पुढे केला. दुकानातला होता. डॅरेलने एक तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"बोल ना लेका! बोटाएवढं असलं तरी चालेल. मी काही तुला खाणार नाही."

"भोक नाहीये, वायनो. बक्षिसाच्या वेळी होतं तितकंच घट्ट आहे अजून."

"मग थंडी काय माझ्या डोक्यात वाजतेय?"

डॅरेल कप फिरवत राहिला. खिडकीबाहेर बर्फावर एक कावळा चालत होता, तो दिसेनासा होईपर्यंत त्याने तिकडे पाहिलं.

"हे असलं घर उन्हावर तापतं, चुलीवर तापतं, आणि माणसांवर. माणसाच्या अंगाची ऊब जुन्या पिवळ्या बल्बएवढी असते. तीही हिशेबात धरतो आम्ही. इथे सहा माणसं धरली होती."

वायनोने पाव खाली ठेवला.

"आर्लीनलाही धरलं होतंस?"

"हो."

"आणि तिचा ओव्हन?"

"तोसुद्धा. आठवड्यातून तीनदा पाव भाजते, असं तिनेच सांगितलं होतं."

वायनोला ओरडायचं होतं. पण ओरडणार कोणावर? प्लंबर चांगला होता. खिडक्या चांगल्या होत्या. सगळं घर चांगलं होतं, आणि त्याला त्या चांगलेपणाचा मनापासून राग आला.

"शनिवारी येऊन हीटर लावून देतो," डॅरेल म्हणाला. मी तेव्हाच सांगितलं होतं, हे मात्र त्याने तोंडातून काढलं नाही. भला माणूस.

मग ते उगाच बोलत बसले, मासेमारीबद्दल, डॅरेलच्या पोरीच्या हॉकीबद्दल. बोलता बोलता वायनोने वरचा स्वेटर काढून खुर्चीवर टाकला. डॅरेलने ते पाहिलं. त्याने पाहिलंय, हे वायनोलाही कळलं.

"आणखी एक कप घे."

डॅरेलने घेतला. त्यानंतरही एक घेतला. पण शेवटी त्याला उठावंच लागलं. पोरीला आणायला जायचं होतं.

"बाहेर पडल्यावर दार नीट ओढ," वायनो म्हणाला, "थंडी येते."

संध्याकाळी सोन्याचा फोन आला.

"बाबा, सापडलं का भोक?"

"सापडलं."

"सुटले बाई! मोठं होतं?"

वायनोने टेबलाच्या त्या टोकापर्यंत नजर नेली.

"पाच माणसांएवढं."

 पलीकडे सोन्याने नाक ओढलं.

"मग... बुजवलं का त्याने?"

"शनिवारी हीटर लावतोय," वायनो म्हणाला, आणि खुर्चीवरचा स्वेटर उचलून त्याने पुन्हा अंगात घातला.