वाटकरांना किल्ला नसतो

उज्ज्वलाला राग यायचा तो हरल्यामुळे नव्हे. ती फारशी हरायचीच नाही. अंबाजोगाईच्या मंडी बाजारात संगमेश्वरचं कॉम्प्युटर सेंटर होतं. दुपारचे क्लास सुटले की तिथली मशीन एकमेकांना जोडून युद्धाचा एक खेळ चालायचा, आणि बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची ही पोरगी त्यात भल्याभल्यांचे किल्ले पाडायची. राग यायचा तो खेळाचाच. सुरुवातीला खेळ विचारायचा, तुम्ही कोणत्या वंशाचे? माणसं होती, लांब कानांचे रानवासी होते, बुटके खाणकरी होते, हिरव्या कातडीचे सुळेवाले होते. हौसेनं निवडून आत जावं, तर आत सगळ्यांचं एकच. एक किल्ला, एक सोन्याची खाण, भालेवाला, तिरंदाज, घोडेस्वार. बुटक्यांचा घोडेस्वार बोकडावर बसायचा, एवढाच काय तो फरक.

"ह्यांनी निस्त्या टोप्या बदलल्यात, दादा," ती संगमेश्वरला म्हणायची. "जे जमिनीच्या पोटात राहतात, त्यांचं राज्य आपल्यासारखं कावून असंल?"

संगमेश्वर तिच्या मैत्रिणीचा, शिवांजलीचा थोरला भाऊ. बापाचं किराणा दुकान सोडून त्यानं हा नवा धंदा मांडला होता, आणि घरच्यांना अजून तो पटला नव्हता. उज्ज्वलाचं म्हणणं त्याला पटायचं. पण खेळ असेच असतात, असंही त्याला वाटायचं.

उज्ज्वला धर्मापुरीकडची. तिचे वडील धुळाजी मेंढरं राखणारे. शाळेत जायला लागेपर्यंत तिचे हिवाळे-उन्हाळे कळपामागं चालण्यात गेले होते. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादायचं आणि गोदाकाठाकडे निघायचं. वाटेत ज्याच्या रानात रात्री मेंढरं बसतील, त्याच्या जमिनीला खत मिळायचं, आणि तो शेतकरी बदल्यात धान्य द्यायचा. उद्या कुठं थांबायचं ते आधी पुढं जाऊन चारा बघून आलेला माणूस ठरवायचा. तिला हे सगळं इतकं सवयीचं होतं, की त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नव्हतं.

ते वाटलं दोन हजार तीन साली. पुण्याच्या एका कंपनीनं आपल्या मातीतला युद्धखेळ काढायचं ठरवलं आणि कॉलेजांना कळवलं, की विद्यार्थ्यांनी एक नवा वंश कल्पून पाठवावा. ज्याचा निवडला जाईल त्याचं नाव खेळावर येईल.

उज्ज्वला झपाटल्यासारखी बसली. तिच्या वंशाचं नाव तिनं ठेवलं वाटकर. वाटकरांना किल्ला नसतो. त्यांची राजधानी चालते. कळप आहे तोवर राज्य आहे. ज्या भूमीवर कळप बसतो, तिथं पुढच्या हंगामात दुप्पट पिकतं, मग ती भूमी कुणाचीही असो. त्यामुळे वाटकरांना सगळ्यांशी बोलावं लागतं आणि सगळ्यांना वाटकरांशी. त्यांच्याकडे शिपाई थोडे, कुत्री पुष्कळ. पुढं गेलेल्या एका माणसाला जे दिसतं ते दुसऱ्या कुठल्या वंशाला दिसत नाही. तो मेला तर सगळे आंधळे.

संगमेश्वरनं मशीनवर चित्रं काढून दिली. काढता काढता त्यानं विचारलं, की किल्लाच नाही तर यांना हरवायचं कसं?

"हरवायची घाई ज्याला हाय, त्यानं शोधून काढावं," ती म्हणाली.

वाटकर निवडले गेले. कंपनीनं कळवलं, की अर्धा तयार झालेला खेळ तुमच्याच कॉलेजात सगळ्यांसमोर दाखवू. कॉलेजच्या फाटकावर उज्ज्वलाच्या नावाचा फलक लागला. तिनं धुळाजींना गावाहून बोलावून घेतलं. ते धुतलेलं धोतर आणि लाल पटका घालून आले आणि सभागृहात मधल्या रांगेत अवघडून बसले. प्राचार्यांनी त्यांना पुढं बोलावलं, तरी ते उठले नाहीत.

पडद्यावर खेळ सुरू झाला. एकेक वंश वाजतगाजत पुढं येत होता. सोनेरी माणसं आली, सुंदर रानवासी आले. मग ढोल बदलला, पडदा काळवंडला आणि एक टोळी धावत आली. काळीकुट्ट अंगं, गळ्यात हाडांच्या माळा, लाल डोळे, डोक्याला मेंढ्याची शिंगं. त्यांच्यामागं लांडग्यांसारखी कुत्री. त्यांनी एका शेतकऱ्याचं खळं पेटवलं आणि पोती उचलून ते आपल्या किल्ल्याकडे पळाले. हो, त्यांना किल्लाही दिला होता, कवट्यांचा. खाली अक्षरं उमटली. वाटमारे.

सभागृहात टाळ्या पडल्या. पोरांना ते फार आवडलं होतं.

उज्ज्वलाला एक जुना दिवस आठवला. ती पाचेक वर्षांची असताना गोदाकाठच्या एका गावात धान्याची चोरी झाली होती. कुणीही काही न विचारता गावातले लोक काठ्या घेऊन मेंढरांपाशी आले होते. धुळाजींना चौकीवर नेऊन बसवलं होतं. आई भामाबाई तान्ह्या भावाला घेऊन चौकीबाहेर उन्हात बसून राहिली होती. पुढं चोर त्याच गावात सापडला आणि धुळाजींना सोडलं, पण कुणी चुकलं म्हणालं नाही. घरात त्या दिवसाबद्दल कधी बोलत नसत. आता तिनं मागं वळून वडिलांकडे पाहिलं. ते पडद्याकडेच बघत होते, आणि त्यांनी पटका काढून मांडीवर घेतला होता.

ती उठली. बक्षीस घ्यायला येतेय असं वाटून कंपनीचा प्रमुख हसत पुढं झाला. तिनं त्याच्या हातातला माईक घेतला आणि हे कोण आहेत म्हणून विचारलं.

तो अजून हसतच होता. हे तुमचेच, म्हणाला. कल्पना फार वेगळी होती, म्हणून तर निवडली. फक्त थोडी खेळण्याजोगी केली. किल्ला नसला तर खेळ संपणार कसा? आणि नाव जरा जोरकस हवं. शेवटी खेळणाऱ्याला मारायला कुणीतरी लागतंच.

"मग तुमी व्हा की," उज्ज्वला म्हणाली.

प्राचार्य खुर्चीतून अर्धवट उठले.

"वाटकर कुणाचं लुटत नाहीत," ती बोलत राहिली. "त्यांच्यामुळं दुसऱ्याचं पिकतं. मी तसं लिहिलं होतं. तुम्ही वाचलं आणि पुसलं. सगळे खेळ सारखे असतात म्हणून तुम्हाला नवा वंश पाहिजे होता ना? मग त्यांना पुन्हा तोच किल्ला दिलात, आणि वर चोर केलंत. ह्याच्यात नवं काय हाय? गावोगावी लोक आम्हाला हेच म्हणतात. ते ऐकायला कॉम्प्युटर कशाला लागतो?"

प्रमुख म्हणाला, की हा काल्पनिक वंश आहे, तुम्ही तो मनाला लावून घेऊ नका.

"माझे वडील तिथं बसलेत," ती म्हणाली. "ते काल्पनिक न्हाईत. माझं नाव ह्यावर टाकायचं नाही."

तिनं माईक टेबलावर ठेवला. कुणाच्या पाया पडली नाही, बक्षिसाकडे बघितलं नाही. धुळाजींना घेऊन बाहेर आली. मागून पायऱ्यांवर प्राचार्य आले आणि कॉलेजची शोभा झाली म्हणून चिडले. माफीचा अर्ज दे, असं त्यांनी बजावलं. तिनं तो पुढंही दिला नाही.

धुळाजी तिच्याबरोबर बसस्टँडपर्यंत चालत आले. गाडी लागल्यावर त्यांनी पटका पुन्हा नीट बांधला.

"त्या दिशी चौकीत मी असं बोलाया पायजे होतं," ते म्हणाले, आणि गाडीत चढले.

कंपनीनं तिचं म्हणणं निम्मं मानलं. खेळावरून तिचं नाव काढलं आणि वाटमारे ठेवले. दिवाळीच्या सुमारास सीडी अंबाजोगाईत आली. पोरं सेंटरवर तीच मागू लागली, आणि मिळेना तेव्हा समोरच्या नव्या सायबर कॅफेत जाऊ लागली. संगमेश्वर काही दिवस थांबला, मग त्यानंही ती मशीनवर टाकली. उज्ज्वलानं ते बघितलं तेव्हा दोघांचं चांगलंच वाजलं. तो म्हणाला, जागेचं भाडं द्यायचंय, आणि पोरं खेळतात तो निव्वळ खेळ आहे. ती म्हणाली, तुझ्या दुकानदार बापाला काटा मारणारा राक्षस करून नाचवला असता, तर तू ही सीडी टाकली असतीस का? तो लाल झाला. दुसऱ्या दिवशी एक मशीन त्यानं कोपऱ्यात ओढून लावलं आणि तिला सांगून टाकलं, की हे तुझं. तुझा खेळ तू कर.

ती बसली. चित्रांऐवजी रंगीत चौकोन होते, आवाज नव्हता, आणि अर्ध्या वेळा लाईट जाऊन केलेलं पुसलं जायचं. काम करताना तिला जुन्या खेळातले हिरवे सुळेवाले आठवायचे. तिनं त्यांना शेकड्यांनी मारलं होतं, मजेत. ते काय खातात, कुठं निजतात, हे तिनंही कधी विचारलं नव्हतं. कुठल्या तरी देशात कुणाला तरी पाहून कुणीतरी ते तसे काढले असतील, हे मनात आलं आणि तिचा राग कमी होण्याऐवजी वाढला. त्यात थोडा स्वतःवरचाही मिसळला.

उन्हाळ्यात खेळ उभा राहिला. संगमेश्वर किल्लेवाल्यांकडून बसला आणि सवयीनं फौज काढून वाटकरांवर चालून गेला. वाटकर निघून गेले. त्यानं पाठलाग केला, ते आणखी लांब गेले. हंगाम उलटले तशी कळपाच्या खतावाचून त्याची रानं पिकेनाशी झाली, शिपाई उपाशी पडले, आणि तो वैतागून खुर्चीत मागं रेलला.

"हा कसला खेळ हाय? शत्रूच सापडत न्हाई."

"शत्रू होता कुठं?" उज्ज्वला म्हणाली.

त्यानं पुन्हा सुरुवात केली. या वेळी निरोप पाठवून कळपाला आपल्या रानात बसायला बोलावलं, आणि तो डाव दोघांनी जिंकला. एकाच डावात दोघं जिंकल्याचं सेंटरवर कुणी बघितलं नव्हतं. काही पोरं खेळून गेली, काहींना कंटाळा आला. समोरच्या कॅफेत वाटमाऱ्यांची कत्तल रोज चालूच होती, आणि दारावरून जाताना तो ढोल ऐकला की उज्ज्वलाच्या कपाळाची शीर अजून उडायची. ती आत येऊन मशीन सुरू करायची. तिनं आता जमिनीच्या पोटातल्या खाणकऱ्यांचं राज्य करायला घेतलं होतं. त्यांनी उजेडच पाहिलेला नसेल, तर ते लांबच्या शिपायाला हुकूम कसा देतील, यावर तिचं घोडं अडलं होतं.