गावावर बसलेली ऐरण

मंगळवारी दुपारी ढग खाली उतरला आणि गावावर येऊन बसला. तो ऐरणीच्या आकाराचा होता. वर सपाट माथा, एका बाजूला निमुळतं टोक, खाली आखूड जाड बूड. पाण्याच्या उंच टाकीवर तो टेकला आणि हलेना.

फुला साळुंके तेव्हा गायरानात पाल गुंडाळत होती. ती घिसाड्याची बाई. नवरा रावजी सांडशीत तापलं लोखंड धरायचा, ती घण मारायची. गावातले विळे, कुऱ्हाडी, फाळ त्यांनीच घडवलेले. तरी ठिणगीनं कडब्याची गंज पेटेल, दिवस मावळायच्या आत निघा, असं सरपंच भगवंततात्यांनी सकाळीच बजावलं होतं.

पहिली गार कुऱ्हाडीच्या पात्याएवढी पडली. तिच्याखाली एक म्हैस गेली. माणसं डोक्यावर पराती धरून गायरानात आली.

"ऐरण तुमची. उचला," तात्या म्हणाले.

"आमची ही," फुलानं गाडीतली दाखवली. "ती आमची न्हाई."

"आकार तुमचाच आहे."

तिनं घण उचलला, रावजीनं सांडशी.

टाकीच्या लोखंडी शिडीवरून दोघं ढगावर चढली. माथा गार होता आणि घट्ट. रावजीनं मोडका फाळ मधोमध ठेवला. खालून वीज आली आणि फाळ लाल झाला. फुलानं घण घातला. गडगडाट झाला, गारा थांबल्या. तिनं दम खायला घण टेकवला, गारा पुन्हा सुरू. खाली हे सगळ्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही.

"फुलाबाई," तात्यांनी हाक मारली. त्यांनी तिला बाई लावलं ते पहिल्यांदाच. "आता कुठं जायचं नाही."

शिडीशी दोन माणसं बसवली. टोपलीतून वर भाकरी येई, लोखंड येई. ठोकून ठोकून पातळ झालं की लोखंडाची वाफ व्हायची, मग दुसरं लागायचं. फाळ संपले, खिडक्यांचे गज संपले, रावजीच्या गाडीच्या चाकांवरच्या लोखंडी धावा काढून आणल्या, मग त्यांची स्वतःची ऐरणही आली. दोघं आळीपाळीनं डोळा मिटत. फुलाचे खांदे सुजून कानाला लागले. तिनं देवळाच्या दाराच्या कड्या मागितल्या.

"तुमचा हात लागेल," खालून उत्तर आलं.

त्या कड्या तिनंच घडवल्या होत्या.

नवव्या दिवशी तात्यांच्या मुलीचं लग्न होतं. सकाळपासून सनई वाजत होती.

"तात्या, लोखंड सरलं. आमाला उतरू द्या," फुला वरून ओरडली.

"शिडी आहे की. ती लोखंडाचीच आहे."

"मग उतरायचं कशावरनं?"

"ते नंतर बघू. मुहूर्त बारा पाचचा आहे."

चौघांनी शिडी उचकटून वर ढकलली. रावजीनं ती ओढून घेतली, ऐरणीवर आडवी ठेवली आणि फुलाकडे पाहिलं.

"नगं मारू," तो म्हणाला. "पडू दे त्यांच्या डोस्क्यावर."

खाली मांडवाबाहेर पिवळ्या साडीतली नवरी उभी होती. मुंडावळ्या बाजूला सारून ती वर बघत होती. फुलानं घण उचलला. त्या पोरीची कीव आली की हाताला नुसती सवय लागली होती, हे तिचं तिलाही कळलं नाही. ती मारत राहिली. एकेक पायरी वाफ होऊन गेली. शेवटची गेली तेव्हा खाली टाळ्या वाजत होत्या, अक्षता उडत होत्या.

घण रिकाम्या ऐरणीवर बसला. ढग टाकीवरून सुटला आणि वाऱ्याबरोबर पूर्वेकडे निघाला. मांडवातल्या कोणी मान वर केली नाही. माळ गेला, ओढा गेला.

"म्होरं कुठलं गाव?" तिनं विचारलं.

रावजीनं बोट दाखवलं. गाव आलंच होतं. खाली एकूण एक गच्चीवर माणसं उभी होती, बायका, म्हातारे, सगळे. सगळ्यांनी हात उंच केले होते आणि प्रत्येकाच्या हातात लोखंड होतं.