फर्निचरवाल्याची काच

डिसेंबर लागला की आमच्या हाताला उसंत नसते. वर्षभर पाट्या रंगवायच्या आणि हे तीन आठवडे नाताळासाठी दुकानांच्या काचांवर स्प्रेने बर्फ पाडायचा. बाहेर खरा बर्फ पडो न पडो, काचेवर मात्र पडलाच पाहिजे, असा दुकानदारांचा हट्ट. दरवर्षी तीच झाडं, तीच हरणं, त्याच चांदण्या. मला आता स्वप्नातसुद्धा हरणं पांढरीच दिसतात.

आम्ही म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ बारक्या. लहानपणी काडीसारखा होता म्हणून हे नाव पडलं. आता नव्वद किलोचा आहे, पण नाव काही अंगाबरोबर वाढलं नाही. आमच्या कामाची पद्धत अशी की मी दुकानाच्या आत आणि तो बाहेर फुटपाथवर. मी नक्षी कापलेली स्टेन्सिल काचेला धरायची, त्याने लांबून बघून सांगायचं, वर घे, डावीकडे सरकव, झाड कलतंय. तो बस म्हणाला की मी कडा टेपने बंद करतो आणि फुस्सकन स्प्रे मारतो. लगेच स्टेन्सिल सोडवायची, वाळू दिली तर कडांचे पापुद्रे निघतात. जाड काचेतून आवाज जात नाही. सुरुवातीला आम्ही माकडांसारखे हातवारे करायचो. आता सतरा वर्षांनी नुसते ओठ हलले तरी पुरतं. त्या दिवशीही सकाळी औषधांच्या दुकानात मी आतून "टेप संपली" म्हणालो आणि तो गाडीतून नवी टेप घेऊन हजर.

मला त्या दिवशी त्याच्याशी आईबद्दल बोलायचं होतं. आई तीन वर्षं माझ्या घरी अंथरुणाला खिळलेली. तिची कूस बदलायची, अंग पुसायचं, चमच्याने भरवायचं, हे सगळं मी आणि बायकोच करतो. मागच्या आठवड्यात चादर बदलता बदलता बायको तिथेच जमिनीवर बसली आणि म्हणाली, "मला आता होत नाही हो. भावजींना सांगा, नवीन वर्षापासून त्यांनी न्यावं. नाहीतर मी जाते बहिणीकडे." ती ओरडली असती तर मी उलट ओरडलो असतो. पण ती इतक्या हळू बोलली की मी तिच्या हातातली चादर घेऊन स्वतःच पसरली. ती खरंच जाईल हे मला कळत होतं.

बारक्याच्या घरी एक खोली रिकामी आहे. पण त्याच्यापुढे हा विषय काढणं म्हणजे ओल्या हाताने साबणाची वडी धरणं. औषधांच्या दुकानात काढला तर म्हणाला, "आईला तुझ्याशिवाय करमायचं नाही दादा, लाडका तू." चपलांच्या दुकानात काढला तर म्हणाला, "ते हरीण बघ, तुझ्यासारखंच पोट सुटलंय त्याचं." आणि शिडी खांद्यावर टाकून चालू लागला. कोट्या करायला ह्याला पैसे पडत नाहीत, माझं मात्र हसू आटून तीन वर्षं झाली.

शेवटी फर्निचरवाल्याकडे आलो. त्याची काच जमिनीपासून छतापर्यंत. अकरा झाडं, हरणांचा कळप आणि वर चांदण्यांची रांग. मी स्टुलावर चढलो, रुमाल नाकाला बांधला आणि सुरू झालो. सातव्या झाडापर्यंत मान लाकूड झाली होती. बारक्या बाहेरून बोट हलवत होता. डावीकडे. अजून डावीकडे. नको, उजवीकडे. दुसऱ्या हातात फोन, आणि फोनवर कुणाशी तरी खिदळणं चाललेलं. माझे दोन्ही हात वर, खांद्यात कळ, आणि हा खिदळतोय.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. श्वास कोंडला म्हणून रुमाल खाली ओढला आणि त्याच्याकडे बघत म्हणालो, "तू काही न्यायचा नाहीस. म्हातारी मरू दे एकदाची, म्हणजे सुटेन."

बोलून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. बंद खोलीत शिवी दिल्यासारखं.

बारक्याचं बोट हवेतच राहिलं. त्याने फोन खिशात टाकला आणि माझ्याकडे नुसता बघत उभा राहिला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काचेमुळे त्याला ऐकू येत नाही, हे खरं. पण तो माझं तोंड वाचतो, आणि ते त्याला मीच शिकवलं होतं.

तो दारातून आत आला. सोफ्यांच्या मधून वाट काढत माझ्या स्टुलापाशी थांबला.

"उद्या सकाळी येतो आईला न्यायला," तो म्हणाला.

जे मागायला आठवडाभर शब्द जुळवत होतो, ते न मागता मिळालं. मी खाली उतरलो.

"बारक्या, मी दमलोय रे. तोंडातून गेलं."

"दमलायस ते मला दिसतं. म्हणूनच टाळत होतो, मला भीती वाटायची त्या सगळ्याची." त्याने मान खाली घातली. "माझं चुकलंच. पण दादा, तू घरी पण असं बोलतोस?"

"कधीतरी. स्वतःशीच पुटपुटतो." मग घाईने म्हणालो, "तिला कुठे काय कळतंय! दीड वर्ष झालं, कान गेलेत तिचे."

"ऐकू मला पण आलं नव्हतं," बारक्या म्हणाला.

मी तिथेच एका नव्याकोऱ्या खुर्चीत बसलो. दीड वर्ष मी आईला भरवतोय, आणि दीड वर्ष ती चमच्याकडे बघत नाही, माझ्या तोंडाकडे बघते. मला वाटायचं, म्हातारं माणूस असंच टक लावून बघतं. बायकोला मी म्हणालोही होतो, बघ कशी बघते लेकाकडे. परवा मी काहीतरी पुटपुटलो तेव्हा तिने तोंड मिटून घेतलं होतं, आणि पोट भरलं असेल म्हणून मी वाटी उचलली होती.

"उद्या नको," मी म्हणालो. "आठ दिवस राहू दे माझ्याकडे. बायकोला बहिणीकडे पाठवतो, तिला विश्रांती मिळेल. मी एकटा करतो आईचं सगळं."

"कशाला?"

"मला बोलायचंय तिच्याशी."

आयुष्यात पहिल्यांदा बारक्याने कोटी केली नाही.

"नाही दादा," तो म्हणाला. "तिला आधी विचारतो, यायचंय का. ती हो म्हणाली, तर उद्याच नेणार."

ती काय म्हणेल, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.