फायबरचं टोक

मी संघप्रिया, हुपरीची. आमच्या घरात सगळेच चांदीची पैंजणं घासणारे, तेव्हा चकाकी कशाला म्हणतात हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. एमएस्सीला कोल्हापुरात येईपर्यंत तरी मला तसंच वाटायचं.

अठ्ठ्याण्णव साली मी प्रकल्प घेतला. गच्चीवरच्या दुर्बिणीत आलेला ताऱ्याचा प्रकाश काचेच्या केसासारख्या फायबरमधून खालच्या खोलीत आणायचा आणि तिथं वर्णपटमापकात त्याचे रंग वेगळे करायचे. ते धूड दुर्बिणीलाच टांगलं की दुर्बीण मान टाकायची. फायबरनं ती कटकटच मिटणार होती. गाइड सरांना मात्र ही माझी थेरं वाटली.

"परीक्षकांसमोर ताऱ्याचा वर्णपट दिसला नाही, तर नापास करीन," त्यांनी ठणकावलं.

प्रकाश आत नीट शिरावा म्हणून मी फायबरचं टोक पितळी नळीत बसवून घरच्या रीतीनं मऊ फडक्यावर घासलं. काय चकाकलं म्हणता! पण प्रकाश नावालाच उतरला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर टोक घुंगरासारखं गोल झालेलं. चांदीला चकाकी पुरते, फायबरला सपाटी लागते.

सर खो खो हसले. "हुपरीला जा परत, पैंजणं घास!"

तळपायाची आग मस्तकात गेली. "जाईन की सर. पण व्याधाचा तारा दावून!"

मग फडकं फेकलं. काचेच्या सपाट पाटीवर बारीक पॉलिश पेपर ओला करून चिकटवला आणि नळी उभी धरून घासत राहिले. बिघडलं की पुन्हा पहिल्यापासून.

परीक्षेच्या संध्याकाळी व्याधाचे रंग खाली उतरले आणि त्यात हायड्रोजनची काळी रेघ स्पष्ट दिसली. परीक्षक बाईंनी विचारलं, "टोकं कुणी तयार केली?"

"मीच," सर म्हणाले. "ही हाताखाली होती."

मी खालचं टोक काढलं, खरखरीत कागदावर फर्रकन ओढलं आणि परत बसवलं. रंग गेले.

"अगं, काय केलंस!" बाई ओरडल्या.

"घासा की सर. तुमीच केलंय न्हवं? व्याध मावळायला येळ हाय अजून."

"वर्ष वाया घालवीन तुझं!"

"घालवा!" मी म्हणाले. वर्ष गेलं असतं, तर घरचे मला पुन्हा पाठवणार नव्हते.

सर पाटीकडे बघत उभे राहिले. हात काही पुढे येईना. बाईंनी खुर्ची ओढली, ती माझ्या समोर.

"तू दाखव," त्या म्हणाल्या.

मी कागद ओला केला.